पुलाच्या लढाईसाठी अधिकारी पाहिजेत

कोणतंही युद्ध व्यवस्थित हरायचं असेल, तर अनुभवी सेनापतीला पर्याय नाही. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात पान एकसष्टवर याचा सचित्र पुरावा आहे. पुलाची लढाई. आपल्या बाजूला अकरा हजार सैनिक आणि तीन सेनापती, तिघेही भरघोस मिशांचे. पलीकडे चाळीस हजार. लढाई सकाळी सुरू झाली आणि दुपारच्या जेवणाच्या आत आटोपली. अकरा हजार धारातीर्थी पडले, सेनापतींचे पुतळे झाले आणि आम्हाला पाच गुणांचा प्रश्न झाला.

यंदा इतिहासाच्या सरांनी प्रकल्प दिला : सेनापती बदला, लढाई पुन्हा लढा. अधिकारी आपल्या ओळखीचा हवा आणि सैन्यातला नको. 'शत्रू पुलावर आला तर काय कराल?' याचं उत्तर त्याच्या सहीनिशी आणायचं. तो तसाच वागेल असं धरलं जाईल. शत्रू स्वतः सर. गुण वीस. ज्या गटाला जास्त, त्याच्या प्रमुखाला वर्षअखेरपर्यंत वर्गप्रमुखाचा बिल्ला.

बिल्ला त्या वेळी माझ्याकडे होता. तीन आठवडे झाले होते. त्याआधीची आठ वर्षं मी 'हजर' इतकं हळू म्हणायचे की माझी गैरहजेरी लागायची. बिल्ला लावल्यापासून माझा आवाज दोन वर्ग पलीकडे जातो (लेखी तक्रारी आल्या आहेत). त्यामुळे तो परत द्यायचा माझा अजिबात विचार नव्हता. समोरच्या गटाचा प्रमुख माझा चुलतभाऊ. अकरा दिवसांनी मोठा आहे, म्हणून त्याला दादा म्हणावं लागतं.

दादाने पीटीचे सर, व्यायामशाळेचा मालक आणि मोबाईलवरच्या लढाईत शहरात तिसरा आलेला एक मित्र निवडला. तिघांचं उत्तर एकच : "तुटून पडू."

माझी निवड समिती (सदस्यसंख्या एक) जास्त काटेकोर होती. पात्रतेची अट अशी, की उमेदवाराने आजवर किमान शंभर माणसांना आल्या पावली परत पाठवलेलं असावं. छाती मोजली नाही. पुलावर शाळेचे वॉचमन काका. त्यांच्या मागे, दुसऱ्या फळीत, ऑफिसातल्या क्लार्क बाई. हेरखात्याला काकू, म्हणजे दादाची सख्खी आई. ती त्या वेळी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"शत्रू कोण म्हणालीस?"

"इतिहासाचे सर."

"अगंबाई! त्यांच्या आई रोज सकाळी माझ्याबरोबर फिरायला असतात. थांब, फोनच लावते."

"काकू, फोन नको गं! नुसतं लिहून दे."

"बरं. आणि ते चाळीस हजार घरी सांगून निघालेत का?"

(हा प्रश्न जगातल्या एकाही युद्धमंडळाच्या नोंदीत नाही. मी शोधला.)

शनिवारी चार बाकं जोडून नकाशा पसरला. एक खडू म्हणजे हजार सैनिक. आधी दादाची लढाई. त्याचे अकरा खडू तुटून पडले आणि सरांच्या पट्टीखाली अक्षरशः तुटून पडले. व्यायामशाळेचा मालक शेवटपर्यंत लढला, दोन तुकड्यांत. सरांनी उभं राहून सलाम ठोकला. वर्गाने एक मिनिट शांतता पाळली.

मग माझी. सरांनी वॉचमन काकांचं उत्तर वाचलं : "वहीत नाव लिहायला लावीन." प्रत्येकाने नाव, पत्ता, वेळ, कोणाला भेटायचं, काम काय (आक्रमण), सही. वही एक. दोरीला बांधलेलं पेन एक. माणशी अर्धं मिनिट, फाटक सात ते पाच : चौतीस दिवस.

"सैन्य जबरदस्तीने घुसेल!" सर म्हणाले आणि त्यांनी काकांनाच वर बोलावून विचारलं, "चाळीस हजार माणसं घुसली तर काय कराल?"

"सर, परवा तुम्ही आयकार्ड विसरला होतात. घुसलात का?"

सरांनी खडू पुन्हा रांगेत लावले. ज्यांची सही झाली होती, त्यांना क्लार्क बाईंनी मागच्या आक्रमणाचा दाखला आणायला परत पाठवलं. एकोणिसाव्या दिवशी काकूमुळे घरोघरच्या आयांना बातमी लागली आणि रांग विरळ झाली. शेवटी सरांनी काकूच्या उत्तराची शेवटची ओळ वाचली : "सेनापतीच्या आईला सकाळी फिरताना सांगेन." सरांनी चष्मा पुसला आणि माघारीच्या कागदावर सही केली.

एकूण मृत : शून्य. (एक खडू बाकाखाली घरंगळला होता. सापडला.)

मग गुणपत्रक लागलं. शौर्य, हानी, बलिदान, स्मारक, प्रत्येकी पाच गुण. दादाला एकोणीस, पुतळ्याची उंची लिहायची राहिली म्हणून एक कापला. मला शौर्य आढळलं नाही, हानी नाही, बलिदान नाही. स्मारक म्हणून मी वॉचमन काकांची वही सुचवली होती, त्याचे दोन. खाली शेरा : 'प्रयत्न चांगला. पण याला लढाई म्हणता येणार नाही.'

मी बिल्ला काढून दिला. सवयीने मोठ्या आवाजात "अभिनंदन"ही म्हटलं.

"तुझ्या लढाईत एक तरी माणूस मेला का गं?" दादा म्हणाला.

"नाही."

"मग!"

घरी काकूने त्याला विचारलं, "आणि तुझे ते अकरा हजार रे?" दादा बिल्ला पुसत होता. त्याला ऐकू गेलं नाही.

माझ्या गणवेशावर पिनेची दोन भोकं राहिली आहेत. बाकी हानी नाही.

स्वाध्याय (वाचकांसाठी, गुण वीस) :
तुम्ही 'लढाई' हा शब्द बघून इथे आलात. लढाई संपली, कोणीही मेलं नाही, आणि तुम्हाला जरासं ________ वाटलं. रिकामी जागा भरा. (खोटं लिहू नये. वॉचमन काका वही तपासतात.)