कच्च्या पायाचे मेश्राम सर

मेश्राम सर नव्या विद्यार्थ्याला नाव विचारत नसत. त्याला स्केटिंगच्या रिंगवर सरळ उभं करत आणि मागून हळूच ढकलत. पडू नये म्हणून जो पाय आपोआप पुढे येई तो पक्का, मागे राहिला तो कच्चा. माझा डावा मागे राहिला, आणि पुढची सहा वर्षं सरांच्या लेखी मी ‘डावी’ होते. माझं खरं नाव त्यांना माझ्या लग्नाच्या पत्रिकेवरून कळलं असावं.

नागपूरच्या उन्हात बर्फ टिकतो तो फक्त गोळेवाल्याकडे. त्यामुळे आमचं फिगर स्केटिंग चार चाकांवर, सिमेंटच्या रिंगवर चाले. सर बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात होते. कंपनीची बस यायच्या आधी, सकाळी सहाला ते आम्हाला शिकवत. प्रत्येक गिरकी, प्रत्येक वळण आधी कच्च्या पायावर दोनदा, मग पक्क्यावर एकदा, हा त्यांचा कायदा. “ताजं ताजं कच्च्याले द्या,” म्हणायचे. “पक्का पाय उरल्यासुरल्यावर बी जगते.”

घरचा अभ्यासही असे. दात घासताना कच्च्या पायावर उभं राहायचं. आमच्या मोरीशी रोज सकाळी एक बगळा उभा राहू लागला, तेव्हा आईने विचारलं, तुला स्केटिंगला घातलंय की तपश्चर्येला?

सर स्वतः बागेत संध्याकाळी सगळ्या जगाच्या उलट दिशेने चकरा मारत. दोन-तीन टकरा झाल्यावर बागेतल्या ज्येष्ठांनी त्यांना समज द्यायची ठरवली. सरांनी त्यांनाच अर्धा तास ऐकवलं, की रोज एकाच अंगाला वळून तुमचा एक गुडघा फुकट झिजतो आहे. दुसऱ्या दिवशी त्यातले चार जण सरांच्या मागून उलटे फिरताना दिसले.

मी मात्र लबाड होते. उजव्या पायावर माझी गिरकी अशी सुरेख यायची की डाव्यावर दोनदा धडपडायला जिवावर येई. सरांची पाठ फिरली की मी उजव्यावर फिरून घ्यायची. महिनाभर खपलं. मग एके दिवशी त्यांनी माझे स्केट काढायला लावले, चपला तपासणाऱ्या चांभारासारखे उलटे धरले आणि चाकांवरून बोट फिरवलं. उजवी चाकं झिजलेली, डावी जवळजवळ कोरी.

“काहून वं,” ते शांतपणे म्हणाले, “डाव्याले उपाशी ठेवून राहिली का?”

मला रडू फुटलं. तेव्हा कट्ट्यावर बसलेल्या काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, मला जवळ घेऊन चिवडा दिला. काकू रोज डबा घेऊन यायच्या. पडलेल्या मुलाला आधी चिवडा आणि मग आयोडीन, हा त्यांचा कायदा. सरांच्या कायद्यापेक्षा आम्हाला तोच जास्त आवडायचा. ती सकाळ, ते थंड सिमेंट, काकूंच्या हाताला येणारा तळलेल्या कढीपत्त्याचा वास, सगळं मला अजून हवंहवंसं वाटतं.

गेल्या वर्षी माझ्या मुलीला घेऊन मी पुन्हा त्या रिंगवर गेले. सर पार पिकले होते, पण तिला मागून ढकललंच. कट्टा रिकामा होता. काकूंचं उजवं अंग लुळं पडलं, असं त्यांनी सांगितलं. सहा महिने सरांनी त्या उजव्या हाताला रोज दोनदा व्यायाम दिला, पण हाताने ऐकलं नाही. शेवटी काकू डाव्या हाताने जेवायला शिकल्या, पण फक्त घरात, दार लावून. चारचौघांत डाव्या हाताने जेवायची त्यांना इतकी लाज वाटे की लग्नकार्यात कुणी पान वाढायला आलं की म्हणायच्या, आज उपास आहे. लग्नसराईत आठवड्यातून तीन-तीन उपास, आणि रात्री उशिरा घरी येऊन तशाच उपाशीपोटी झोपायच्या.

मुलीच्या वाढदिवसाला मी दोघांना जेवायला बोलावलं. फोनवर सर म्हणाले, “आणतो मी तिले. जेवन का नाही, ते सांगता नाही येत.”

सोसायटीच्या हॉलमध्ये पंगत बसली. पुरी, भात, पाटोडीचा रस्सा. काकू पदराआड उजवा हात लपवून बसल्या, ताटाकडे न बघता. शेजारी सरांनी बाही वर केली आणि डाव्या हाताने पुरी तोडायला घेतली. पुरी उडून समोरच्यांच्या ताटात. रस्सा हनुवटीवरून पांढऱ्या शर्टावर. सगळी पंगत बघायला लागली. माझ्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. आणि मी मूर्ख, हसून सगळ्यांसमोर म्हणाले, “सर, आता जेवणातही प्रॅक्टिस का?”

सरांनी पुन्हा डाव्या हातानेच पुरी तोडली. दुसरा घास नाकाजवळ गेला. मग माझ्या लक्षात आलं की साऱ्या हॉलचे डोळे त्यांच्यावर आहेत आणि काकूंकडे कुणीही बघत नाहीये. मला स्वतःची फार लाज वाटली.

काकूंनी सरांच्या त्या शर्टाकडे बघितलं. मग त्यांनी डावा हात पुढे केला, एका हाताने पुरी अलगद मुडपली, रश्शात बुडवली आणि एक थेंबही न सांडता तोंडात घातली.

“लहान घास घ्या जी,” त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या. “मलेही सहा महिने लागले.”