एकतीस वर्षांचं कोण गेलं?

आरेकिपाहून लिमाला बिऱ्हाड हलवायच्या खर्चाला दोन हजार सहाशे चाळीस सोल लागतील, असं फाउस्तिनो बेगासोने जाहीर केलं, म्हणजे तेवढेच लागणार! दोन हजार सहाशे एकेचाळीस नाही!

सत्तावीस वर्षं त्याने पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढले होते. शहरातल्या कुठल्या गल्लीखालून कुठला नळ जातो आणि कुठे वळतो, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगायचा. घरात मीठ कुठल्या डब्यात असतं, हे मात्र त्याला अजून बायकोला विचारावं लागायचं.

लिमाला जायचं कारण साधं होतं. त्यांची मुलगी फाबिओला तिथे नर्स होती, तिला बाळ झालं होतं, आणि सांभाळायला कुणी नव्हतं. "आई, तुम्ही दोघं इकडेच या ना," असं तिने फोनवर म्हटलं. एल्विरा म्हणाली, "बरं." एवढंच. फाउस्तिनोने त्या 'बरं'चा अर्थ 'बरं' असाच घेतला आणि आठ दिवसांत एकतीस वर्षांचं राहतं घर विकून टाकलं.

मग सुरू झाली मोहीम! जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला गेला. लिमाच्या मागदालेना भागात एका बोळाच्या दोन्ही बाजूंना बसकी घरं होती, त्यातल्या दोन खोल्या त्यांनी घेतल्या होत्या. त्या खोल्यांचा नकाशा कागदावर उतरला. घरातल्या प्रत्येक वस्तूचं फाउस्तिनोने पुठ्ठ्याचं छोटं रूप कापलं आणि चिमट्याने उचलून तो त्या खोल्यांतून फिरवू लागला. एखादा सेनापती फौज फिरवतो तसा! चार दिवस नवराबायको मांडीवर ताट घेऊन जेवत होते, कारण टेबलावर लिमा होतं.

"माझा बतान कुठे आहे यात?" एल्विराने विचारलं.

बतान म्हणजे तिचा मिरच्या वाटायचा दगड. आईकडून आलेला.

"अडतीस किलो!" फाउस्तिनो म्हणाला. "अगं, लिमात काय दगड मिळत नाहीत?"

"मिळतात," एल्विरा म्हणाली.

"आणि त्या जिरेनियमच्या कुंड्या? नुसती माती! हजार किलोमीटर माती न्यायची?"

"नको न्यायला," एल्विरा म्हणाली आणि भांडी घासायला गेली. फाउस्तिनोने समाधानाने यादीवर दोन फुल्या मारल्या. बायको असावी तर अशी समजूतदार!

सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस आला, खोल्याखोल्यांतून फिरला आणि चार हजार दोनशेचा आकडा सांगून गेला. फाउस्तिनो त्याला दारापर्यंत सोडायलासुद्धा गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो थेट भाजीच्या घाऊक बाजारात हजर! तिथे त्याला विल्बेर भेटला. विल्बेर आठवड्यातून एकदा ट्रकने लिमाला कांदा नेत असे. कागद-पेन्सिल हातात दिसली की समोरच्याला इंजिनियर म्हणायचं, ही त्याची पद्धत.

"इंजिनियरसाहेब, खाली माझा कांदा, वर तुमचं सामान. नऊशे सोल. आधी तुमच्या दारात सामान उतरवतो, मग बाजारात जातो."

"पण वस्ताद, कांदा दबला तर?"

"ते तुम्ही सांगा. सामान जड आहे का?"

"सहाशे बारा किलो! मधे फळ्या टाकायच्या, म्हणजे भार सारखा वाटला जातो. एका गोणीवर किती येतो ते मी काढलंय."

"मग लेखी द्या, आपलं काय जातंय!"

फाउस्तिनोने लेखी दिलं! कांद्याचं नुकसान झाल्यास भरपाई माझी, खाली सही, सहीखाली दोन रेघा. अशी सही करताना त्याला फार बरं वाटायचं.

घरी येऊन त्याने एल्विराला एवढंच सांगितलं, की शेतमालाच्या वाहतुकीतला एक जुना, अनुभवी माणूस मिळालाय. कांद्याचं नाव काढलं नाही. उगाच कशाला!

ट्रक भरायच्या दिवशी एल्विराच्या आईचं लांबलचक लाकडी कपाट उचलताना चार हमालांच्या तोंडाला फेस आला.

"सेन्योरा, आहे तरी काय यात?"

"ब्लँकेटं," एल्विरा म्हणाली.

"एवढी जड?"

"लोकरीची आहेत."

फाउस्तिनो तेव्हा अंगणात यादीवर खुणा करत होता. त्याने मानही वर केली नाही. कपाट फळ्यांवर आडवं झोपवलं गेलं, ताडपत्री ओढली गेली, ट्रक हलला. एल्विराने रिकाम्या घराला कुलूप लावलं, किल्ली नव्या मालकाच्या हातात दिली आणि बसमध्ये खिडकीशी बसली. सोळा तासांच्या प्रवासात ती दोनच वाक्यं बोलली. दोन्ही पावाबद्दल होती.

ट्रक दुसऱ्या दिवशी भर दुपारी बोळाच्या तोंडाशी येऊन थांबला. किनाऱ्याच्या वाळवंटातून उन्हात शिजत आला होता. विल्बेरचा चेहरा उतरला होता.

"इंजिनियरसाहेब," तो म्हणाला, "एका वळणावर मागून मोठा आवाज झाला बघा. कडाड्! मी म्हटलं, टायर गेला. टायर नव्हता."

त्याने ताडपत्री उचलली मात्र... आईशप्पथ! बंद बाटलीतून भूत सुटावं तसा तो वास बाहेर पडला! फळ्या मधोमध मोडल्या होत्या. कपाट चौदा गोण्यांच्या छाताडावर बसलं होतं आणि खालच्या कांद्याची पार चटणी झाली होती. पहिल्या झटक्यात विल्बेर रडायला लागला, दुसऱ्या झटक्यात फाउस्तिनो. मदतीला बोलावलेले नाक्यावरचे तिघेजण जवळ येताच तेही हुंदके देऊ लागले. फाबिओला बाळाला घेऊन आली होती. ती लांबूनच रडत परत गेली.

"कांदा!" एल्विरा डोळ्याला रुमाल लावत ओरडली. "जुना अनुभवी माणूस म्हणजे कांदेवाला?"

"तू गप्प बस! माझा हिशेब बरोबर होता! हे कपाट... हे कपाट इतकं..." पुढचं त्याला नाकामुळे बोलताच येईना.

आता बोळातल्या लोकांना काय दिसलं ते पाहा. चार माणसं एक लांब लाकडी पेटी खांद्यावर घेऊन हळूहळू चालताहेत. पेटीवर ब्लँकेट घातलंय. चौघेही ढसाढसा रडताहेत. मागून एक पोक्त बाई येतेय, तिच्या डोळ्यांना धार लागलीय, आणि तिच्या शेजारचा म्हातारा मान हलवत म्हणतोय, "माझंच चुकलं! मीच लेखी दिलं!"

समोरच्या घरातून सेन्योरा एदेल्मिरा बाहेर आल्या. बोळातलं लग्न असो, बारसं असो की मयत, पुढाकार त्यांचाच. त्यांनी छातीवर क्रूस काढला, आत जाऊन काळी शाल घेतली आणि एल्विराला कवेत घेतलं.

"काय झालं गं बाई? कोण गेलं?"

आरेकिपा सोडल्यापासून एल्विराला कुणी काही विचारलं नव्हतं. तिचा बांधच फुटला.

"आमचं..." हुंदका. "एकतीस वर्षांचं..." पुन्हा हुंदका. "अजून इतकं छान होतं हो! कशाची म्हणून तक्रार नव्हती!"

"अरेरे! एकतीस म्हणजे काय वय आहे!" एदेल्मिराबाईंनी मागे वळून सगळ्या बोळाला ऐकवलं. "एकतीस वर्षांचं पोर गेलं हो!"

बघता बघता पावाच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं. कुणीतरी रेडिओ बंद केला. कपाटाचा एक पाय तुटल्यामुळे ते उभं राहीना, म्हणून हमालांनी ते बाहेरच्या खोलीत दोन स्टुलांवर आडवंच ठेवलं, तर कुणी उशाशी मेणबत्त्या लावल्या, कुणी पायथ्याशी! शेजाऱ्यांच्या खुर्च्या आल्या, कॉफीचे थर्मास आले, खारी बिस्किटं आली. कर्मधर्मसंयोगाने खोलीत कांद्याचा दर्प असा कोंडला होता, की जो आत येई तो दोन मिनिटांत मनापासून रडू लागे. इतकी भावपूर्ण मयत त्या बोळाने पाहिली नव्हती!

एदेल्मिराबाईंनी प्रार्थना सुरू केली. विल्बेरने टोपी काढून मान खाली घातली. आत कपाट आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं, पण सगळे म्हणताहेत तर आपणही म्हणावं!

"थांबा!" फाउस्तिनो शेवटी ओरडला. "अहो, हे कपाट आहे!"

एदेल्मिराबाईंनी त्याच्या दंडावर हळुवार हात ठेवला.

"असू दे, दादा," त्या म्हणाल्या. "पैशांची अडचण कुणाला चुकलीय? कपाट तर कपाट. देवाला सगळं कळतं."

फाउस्तिनोने मेणबत्त्या बाजूला सारल्या, ब्लँकेट ओढलं आणि कपाटाचं दार उघडलं. दोन बायकांनी डोळे झाकून घेतले.

आत बतान होता. तीन कुंड्या होत्या, मातीसकट. त्यातली एक फुटली होती. लोखंडी कढई, जुनी इस्त्री. आणि सगळ्यांच्या मधे, लोकरीच्या ब्लँकेटात तान्ह्या बाळासारखा गुंडाळलेला पांढऱ्या दगडाचा एक चिरा.

"अडतीस," फाउस्तिनो सवयीने पुटपुटला. "तीन कुंड्या... छत्तीस... हा चिरा..." तो वाकला. चिऱ्यावर एक गुळगुळीत खळगा होता. तो कुठला चिरा ते त्याने ओळखलं. मागच्या अंगणातल्या धुण्याच्या कट्ट्याचा. एल्विरा साबण ठेवायची तो.

"एल्विरा! घर विकलंय आपण!"

"अख्खं नाही विकलं," एल्विरा म्हणाली.

कुणीतरी फिसकन हसलं. मग पाववाला हसला, विल्बेर हसला, आणि मग सगळी खोलीच हसायला लागली. एदेल्मिराबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी दारं-खिडक्या सताड उघडल्या, समुद्राकडचा वारा आत घेतला आणि कॉफी ओतायला घेतली.

"झालीय ती कॉफी काय ओतून द्यायची?" त्या म्हणाल्या. "बसा सगळे. हं, एल्विराबाई, सांगा. कसं होतं घर?"

आणि एल्विरा बोलायला लागली. सकाळचं ऊन आधी कुठल्या खिडकीत यायचं, रविवारी अंगणात मिरच्यांचं वाटण वाटताना शेजारीण भिंतीवरून कशी डोकवायची, धुणं वाळत घालताना ढग नसले तर ज्वालामुखीच्या टोकावरचा बर्फ कसा दिसायचा. फाउस्तिनो कोपऱ्यात स्टुलावर बसून ऐकत होता. त्या घराची लांबी, रुंदी, उंची त्याला पाठ होती. यातलं काहीच त्याच्या नकाशात नव्हतं.

मग त्याच्या लक्षात आलं, की वास केव्हाच निघून गेलाय. विल्बेरचे डोळे कोरडे होते, पाववाल्याचेही कोरडे. एल्विराच्या गालांवरून मात्र अजून पाणी वाहत होतं आणि ती हसत हसत बोलत होती.

संध्याकाळी सगळे गेले. विल्बेर लेखी कागद दाखवून चौदा गोण्यांचे पैसे घेऊन गेला. बोळाच्या तोंडाशी कांद्याचा ढीग होता. निम्मा एदेल्मिराबाईंनी लोणच्यासाठी सगळ्या बोळात वाटला होता. फाउस्तिनोने कपाटाचा तुटलेला पाय हातात घेतला आणि उगाच फिरवत बसला.

"तुला यायचं नव्हतं, तर बोलली का नाहीस?"

"यायचं होतं. बाळ आहे इथे."

"मग?"

"मग काय? तू मला मापं विचारलीस, फाउस्तिनो. कपाटाची उंची विचारलीस, बतानचं वजन विचारलंस. मी सांगितली. दुसरं काही विचारलं असतंस तर तेही सांगितलं असतं."

त्याने उठून चिरा उचलला. पाठीत सणक भरली, तरी तसाच तो मोरीपर्यंत नेला आणि नळाखाली ठेवला. मग पाऊलभर डावीकडे सरकवला. मग एल्विराला विचारलं, "इथे?" ती म्हणाली, "अजून जरा इकडे." तो सरकवत राहिला.

आठवडा गेला. फरशी चार वेळा लिंबाच्या पाण्याने धुतली गेली, गाद्या गच्चीवर वाळल्या. रविवारी सकाळी एल्विरा बाळाकडे गेली होती आणि फाउस्तिनो दारात एकटाच खुर्ची टाकून बसला होता. वर आभाळ राखाडी. त्याने सहज मान वर केली आणि तो ज्वालामुखी शोधला. मग त्याला आठवलं, की इथे तो नसतो.

तेवढ्यात शेवटच्या घरातला लाडिस्लाओ आला. हा लांब पल्ल्याच्या बसचा ड्रायव्हर. आठ दिवस उत्तरेकडे गेला होता, आत्ताच परतला होता. बायकोने त्याला फोनवर अर्धीच हकिगत सांगितली होती, आणि नेमकी पहिली अर्धी! त्याने पिशवी खाली ठेवली आणि फाउस्तिनोला घट्ट मिठी मारली.

"धीर धरा, काका," तो म्हणाला. "फार वाईट झालं."

फाउस्तिनो खरं काय ते सांगणार होता. तोंड उघडलंही होतं. पण त्या परक्या माणसाच्या खांद्यावर त्याची मान कशी कोण जाणे टेकली, आणि चांगली दोन-तीन मिनिटं तो नुसता रडत राहिला. लाडिस्लाओ त्याच्या पाठीवर थोपटत राहिला.

शेवटी फाउस्तिनोने बाहीने नाक पुसलं आणि घसा खाकरला.

"काही नाही हो," तो म्हणाला. "कांदा आहे. झोंबतो."

लाडिस्लाओने मान वर करून चारी दिशांना वास घेतला.

"कुठे, काका?" तो म्हणाला. "मला तर नुसता लिंबाचा वास येतोय."