ओव्हाळभाऊंचे खून आणि एक आजी

"वहिनी, उद्या तुम्हाला मारलं तर चालेल का?"

समोरच्या फ्लॅटमधल्या ओव्हाळभाऊंनी मला हे पहिल्यांदा विचारलं, तेव्हा आम्हाला निगडीत राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. मी दार लावून घेतलं. नवऱ्याने खाली जाऊन चौकशी केली तेव्हा कळलं, की हे गृहस्थ टीव्हीच्या मालिका लिहितात. त्यातली एक रहस्यमालिका आहे आणि तिच्यात मरणाऱ्या माणसांना ते सोसायटीतल्या लोकांची नावं देतात. मात्र विचारल्याशिवाय कोणाला मारत नाहीत.

या बाबतीत पहिला मान आमचे सेक्रेटरी कुलकर्णी यांचा. ते आतापर्यंत तीनदा मेले आहेत. लिफ्टमध्ये मेले तो एपिसोड इतका गाजला, की वर्षभर अर्ज करून न झालेली आमची लिफ्टची दुरुस्ती चार दिवसांत झाली. पाण्याच्या टाकीतला खूनही झकास जमला होता, पण प्रेताला एकही वाक्य नसतं ही कुलकर्णींची तक्रार. पुढच्या वेळी मरण्याआधी जरा बोलू द्या, असं त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत मागून घेतलं.

ओव्हाळभाऊ पूर्वी चाकणला एका कंपनीत होते. नोकरी सुटली, पण शिफ्ट काही सुटली नाही. सकाळी फर्स्ट शिफ्ट, ती कौटुंबिक मालिकेची. दुपारनंतर सेकंड शिफ्ट, ती खुनाची. मध्ये डबा. घरात एकटा जीव, स्वयंपाकघर चार पावलांवर, तरी सकाळी डबा भरून ठेवायचा आणि मोबाइलवर भोंगा वाजला की उघडायचा. शिफ्टमध्ये कोणी बेल वाजवली तर दार उघडत नाही, आतून फक्त "लाइन चालू आहे" एवढं ऐकू येतं. एकदा सकाळभर वीज नव्हती म्हणून दोन्ही शिफ्ट एकात एक झाल्या, तेव्हा कौटुंबिक मालिकेतल्या सुनेने सासूच्या दुधाच्या पेल्यावरचे बोटांचे ठसे तपासले. लोकांना ते फार आवडलं, असं ते स्वतःच सांगतात.

तुमचा सगळ्यात चांगला एपिसोड कुठला, असं मी एकदा विचारलं. लिफ्टवाला म्हणतील अशी माझी खात्री होती. त्यांनी सांगितला तो कौटुंबिक मालिकेतला, ज्यात काहीच घडत नाही. मुलाची कंपनीची बस उशिरा येते आणि आजी भाकरी झाकून उंबऱ्यात बसून राहते. शेवटी मुलगा येतो. आजी म्हणते, "जेवला न्हाईस ना? मग मी बी न्हाई." संपलं. यात स्टोरी कुठे आहे, असं विचारायला चॅनलवाल्यांचा फोन आला होता म्हणे.

या आजीच्या बाबतीत माणूस भलताच हट्टी. दिग्दर्शकाने खुनी बदलला तरी ते हूं की चूं करत नाहीत. पण आजीची भूमिका करणाऱ्या बाईंनी एकदा 'न्हाई'चं 'नाही' केलं, तर हे स्वतः सेटवर जाऊन तो सीन पुन्हा करून घेऊन आले. लेखक म्हटला की थोडा अहंकार असायचाच, असं मी धरून चालले होते.

मग चॅनलचा निरोप आला: आजीला संपवा. मालिकेला रडारडीचा एक आठवडा हवा होता.

ज्याने अख्खी सोसायटी मारली त्याला एक आजी काय जड? पण समोरच्या घरातून भोंगा वाजायचा थांबला. दोन दिवस झाले तशी मी पिठलं घेऊन गेले. दार उघडंच होतं. भाऊ टेबलापाशी नुसतेच बसले होते.

"जमेना, वहिनी," ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं सांगितलं. त्यांची आई मावळातली. पिंपरीच्या खोलीत मायलेक दोघंच राहायचे. सेकंड शिफ्ट करून हे कितीही उशिरा आले तरी ती जेवायची थांबलेली असायची. हा फ्लॅट तिने पाहिला नाही, मालिकाही नाही. ती गेल्यावर तिचं एकेक वाक्य त्यांनी त्या आजीला देऊन टाकलं होतं.

"तिला मारलं तर मला जेवलास का म्हणून कोण विचारणार?"

पिठलं झाकून ठेवून मी घरी आले.

दोन दिवसांनी बेल वाजली.

"वहिनी, आजी तुमच्याकडं राहायला आल्या तर चालेल का?"

त्यांनी तोड काढली होती. मालिकेतल्या आजी मरत नाहीत. त्यांच्या गावची एक लेक निगडीत दिलेली आहे, तिच्याकडे कायमच्या राहायला जातात. त्या लेकीला माझं नाव. निरोपाच्या वेळी घरभर रडारड असल्याने चॅनलही खूश होतं. "आता पडद्यावर दिसायच्या न्हाईत," भाऊ म्हणाले, "पण असतील."

आमच्याकडे भाकरी रोज होत नाही, पोळ्या असतात, असं मी आधीच सांगून टाकलं. त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि आजी चालवून घेतील म्हणाले.

तो एपिसोड आम्ही आमच्याच घरी पाहिला. आजी गाठोडं घेऊन रिक्षात बसल्या आणि रिक्षा वळली, तेव्हा कुलकर्णी रुमाल शोधत होते.

दुसऱ्या दिवशी समोर भोंगा वाजला. मी दार उघडलं आणि तिथूनच हाक मारली, "ओव्हाळभाऊ, आजी विचारतायत, जेवला न्हाईस ना अजून?"

लाइन चालू आहे, असं ऐकायची माझी तयारी होती. पण कडी निघाली. हातात बंद डबा घेऊन भाऊ दारात उभे होते.

"न्हाई," ते म्हणाले, "आलोच." आणि चपला न घालताच आमच्याकडे जेवायला आले.