सासूबाईंची होडी आणि चार किलोचा ट्राउट

"चार किलोच्या आतला मासा मी घरात आणणारच नाही!" लेस्टरने टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं.

ड्युल्सीबाई, म्हणजे त्याच्या सासूबाई, विणत बसल्या होत्या. सुयांवरची नजर न उचलता म्हणाल्या, "आणा की, जावईबापू. शनिवारपर्यंत जो मोठा ट्राउट आणील, त्याला ह्यांची होडी. मग तुम्ही असा, नाहीतर क्लाईव्ह."

क्लाईव्ह म्हणजे धाकटा जावई. सासरेबुवा गेल्यापासून त्या होडीवर लेस्टरचा फार जीव होता. मासेमारीतलं मात्र त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

ऑक्टोबर नुकताच उजाडला होता, न्यूझीलंडमधल्या रोटोरुआच्या तळ्यावर तिकडच्या वसंतातला मासेमारीचा हंगाम सुरू झाला होता. लेस्टर रोज पहाटे गळ टाकून उभा! माशांनी त्याला हिंग लावूनही विचारलं नाही. विकत आणावा, तर न्यूझीलंडभर ट्राउट विकायला कायद्याने बंदी. स्वतः पकडा, नाहीतर कुणी प्रेमाने दिला तर घ्या!

शुक्रवारी तो शेजारच्या मित्राकडे, रंगीकडे धावला. "रंग्या, अब्रूचा प्रश्न आहे रे!"

रंगीने फ्रीजरमध्ये कमरेपर्यंत वाकून एक धिप्पाड ट्राउट उपसून काढला. गोठून दगड झालेला, शेपटीला निळ्या लोकरीचा फास. "घेऊन जा. आम्हालाही भेटच आलेला."

शनिवारी सकाळी लेस्टरने त्या फासात गळ अडकवला आणि मासा वितळायला धक्क्यावरून तळ्यात सोडला. दहा मिनिटं झाली नाहीत तोच मागे फळ्या वाजल्या. विणकामाची पिशवी घेऊन साक्षात सासूबाई!

"लागलं का काही?"

लेस्टरच्या तोंडचं पाणी पळालं. दोरी तर ताणलेली दिसत होती!

"लागला! सासूबाई, लागला!" तो पुढे धावला, मागे हटला, गुडघ्यावर बसला. "दमवतोय हो मेला!"

मासा वर आला तो शेपटीकडून, पाटासारखा ताठ, आणि फळ्यांवर पडला तो ठण्णकन!

"हा हलत का नाही?"

"घाबरलाय."

"अन् पोटात आतडीसुद्धा कशी नाहीत याच्या?"

"उपाशी होता, म्हणून तर लागला!"

ड्युल्सीबाईंनी पिशवीतून लोकरीचा गुंडा काढून शेपटीशी धरला. तोच निळा रंग! "एप्रिलमध्ये मी पकडला हा. रंगीची आई आजारी होती, तिला दिला होता."

लेस्टरला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "चुकलं माझं. क्लाईव्हला द्या होडी."

"त्याचं नाव नका काढू! तो सकाळीच मासा घेऊन आला. दुकानातला सॅमन! वर दुकानाची चिठ्ठी तशीच! तुमचा निदान ट्राउट तरी आहे. होडी तुमची."

लेस्टरचा जीव भांड्यात पडला.

"पण एक अट. गळ मी धरणार. तुम्ही फक्त वल्ही मारायची."

आता जन्मात कधी मासा पकडावा लागणार नव्हता! होडीपेक्षा त्याला याचाच आनंद जास्त झाला. खुशीत त्याने ट्राउट काखेत मारला. "मग हा चुलीवर चढवू?"

"अहो, वितळायच्या आत रंगीच्या फ्रीजरमध्ये ठेवून या आधी! क्लाईव्ह हिरमुसून गेलाय, तो आता ट्राउट मागायला तिथेच जाणार. त्यालाही एक 'पकडू' दे की!"