आडावरची अमेरिका

आमच्या मास्तरांना कुणी राम राम घातला तरी ते आधी भिंतीकडं बघायचे. खोटं न्हाय सांगत. लगीन होऊन धाराशिवला आले, पयल्याच सकाळी आडावर गेले, पदर सावरून वाकून नमस्कार केला, तर म्हातारं भिंत वाचतंय! मला वाटलं माजंच कायतरी चुकलं. हातातली घागर निसटायचीच राहिली.

भिंतीवर आमच्या पाच घरांची घटना व्हती. तांबडी काव कालवून मास्तरांनीच लिव्हलेली. पाच घरांत आड एकच, उन्हाळ्यात तळाला जायचा, म्हून वर फळ्या टाकून कुलूप, आन् किल्ली मास्तरांच्या करदोट्याला. नियम तीनच. माणसामागं रोज एक घागर. भांडायचं ते पाणी भरून झाल्यावर. आन् नियम बदलायचा तर पाची घरं हजर पायजेत. तुमी म्हनाल एवढ्याला घटना म्हनत्यात व्हय? पन मास्तरांपुढं नियम म्हनायची सोय नव्हती. "सूनबाई, नियम घरात असतो. पाच घरांत असती ती घटना."

मास्तर निजामाच्या राजात उर्दूत तवारीख, म्हंजी इतिहास, शिकवायचे. मुलूख हिंदुस्थानात आला, शाळा मराठी झाली, मास्तर घरी बसले, पन शिकवायची खोड कुठं जाती? जवळ अमेरिकेचं एक पुस्तक व्हतं, पुठ्ठा गेलेलं. मी आपली चौथीपर्यंत शिकलेली, मला अमेरिका कुठल्या अंगाला हाय ते बी ठावं न्हाय, पन घागर भरंस्तवर रोज ऐकून ऐकून सगळी पाठ झाली. तितल्या लोकांनी राजा घालवला, घटनेचा कागद आनला, आन् शाई वाळायच्या आत दोन तट पडले. मधी त्यांचा पयला अध्यक्ष, एका अंगाला खजिन्याचा मंत्री, दुसऱ्या अंगाला परमुलखाचा. खजिनेवाला म्हनला, सरकारची बँक काढू. दुसरा, त्याला मास्तर शेतवाला म्हनायचे, तो म्हनला, कागदात बँक लिव्हलीय कुठं? खजिनेवाला म्हनला, कर गोळा करा असं लिव्हलंय का न्हाय? मग त्याला जे लागतं ते लिव्हल्यावानीच! अध्यक्षानं बँकेवर सही ठोकली. खुर्ची सोडताना सांगून गेला, बाबांनो, तट पाडू नका. त्याची पाठ वळायच्या आधीच पडले व्हते की.

मास्तर शेतवाल्याच्या तटात. कशाला बी एकच सवाल, "लिव्हलंय कुठं?" सकाळी जरा आधी कुलूप काढा म्हना, लिव्हलंय कुठं? पाव्हणे आल्यात, तांब्याभर जास्त द्या, लिव्हलंय कुठं? बायका पाठीमागं म्हनायच्या, मास्तराला यमदूत न्यायला आला तर त्याला बी हेच इचारतील.

आन् खजिनेवाले कोण? तर पेशकारसाहेब. निजामाच्या कचेरीत पेशकार व्हते, अजून टोपीचा गोंडा झुलवत यायचे. त्यांचं म्हननं, "मास्तर, नुसती अक्षरं, हर्फ काय बघता, मतलब बघा मतलब!" पेशकारांची एक म्हैस व्हती. आता नियमात म्हैस न्हाय. पन त्यांनी मतलब काढला. म्हशीबिगर दूध न्हाय, दुधाबिगर माणूस न्हाय, म्हंजी म्हशीचं पाणी माणसाच्याच पाण्यात धरलेलं हाय. आन् ह्यो मतलब तीन घरांना पटला बी. पटंल न्हाय तर काय, म्हशीचं ताक तिन्ही घरांत जायचं! मास्तर एकटे ओरडत राहिले, म्हैस रोज दोन घागरी वढत राहिली.

एकदा तर पेशकारांनी मास्तरांचंच पुस्तक मागून नेलं आन् दुसऱ्या दिवशी एका पानावर बोट दावत आडावर आले. "मास्तर, तुमचा शेतवाला पुढं सोता अध्यक्ष झाला, तवा त्यानं फ्रान्साकडनं एवढा मुलूख इकत घेतला. ते लिव्हलं व्हतं का कुठं?"

मास्तर लाल झाले. "ते... ते त्याच्या बी जिवाला लागलं व्हतं."

"पन घेतला का न्हाय?"

मास्तर भिंतीकडं बघायला लागले. भिंतीवर फ्रान्साचं कुठं काय असतंय?

मी हसले व्हते तवा पदराआड. पुढच्या उन्हाळ्यात हसू आटलं. माजं लेकरू चार म्हयन्याचं, त्याला जुलाब लागले. आमचे हे कचेरीतल्या साहेबासंगं परांड्याला गेलेले, सासूबाई न्हाईत, मी एकली. फडकी धुवून धुवून घागर दुपारच्या आधीच रिती. लेकराची टाळू खाली गेली, डोळे आत गेले. डाक्टर म्हनले, हरघडी उकळल्यालं पाणी चमच्यानं पाजा, आन् फडकं घाण ठेवू नका. पाणी आणू कुठनं? हौद गावाबाहेर, लेकरू कुणापाशी टाकून जाऊ? माजं काळीज असं उडत व्हतं बघा, की लेकरू कुशीत घेतलं तर त्याचं का माजं उडतंय ते कळंना.

तशीच आडावर गेले. आधी पेशकारांचे पाय धरले. म्हटलं हे मतलब बघनारे, ह्यांना कळंल. पेशकारांनी गोंडा झुलवला, इचार केला, म्हनले, "पोरी, लेकरू पितं कुणाचं? आईचं. मग आईच्या घागरीत लेकराची घागर धरलेलीच हाय!" हजर असलेल्या दुसऱ्या ताकवाल्या घरानं बी मान हालवली. म्हशीला दोन घागरी धरल्या, आन् माज्या लेकराला माज्यातच धरलं.

मग मास्तरांकडं वळले. मास्तरांनी भिंत वाचली. परत वाचली. "माणसामागं एक, व्हय. पन लेकराला माणूस मोजायचं का, ह्ये लिव्हलेलं न्हाय. घटना केली तवा ह्या अंगणात पाळणाच नव्हता. बदल करू. पाची घरं बोलवा."

पाचवं घर येडेश्वरीच्या यात्रंला येरमाळ्याला गेलेलं! कवा येतील ते देवीलाच ठावं.

"तवर लेकरू राहील का वो मास्तर?" मी रडायलाच लागले. मास्तरांनी फळ्या सारल्या. कुलूप लावलं आन् गेले. आसं तोंडात येत व्हतं की बोलू नये ते बोलावं, पन मी भित्री, गिळलं.

त्याच दुपारी, ऊन कसं भाजत व्हतं, दार उघडलं तर उंबऱ्याशी भरलेली घागर. वर लिंबाचा ढाळा झाकलेला. आनंद व्हायचा राहिला बाजूला, मला घामच फुटला. चोरीचं पाणी! कुणीतरी डाव टाकला, आता पाची घरं मलाच चोर म्हनतील. लेकरू एका काखंला, घागर दुसऱ्या, पळत मास्तरांच्या दारात.

"मास्तर, म्या न्हाय आनली! आईशप्पत म्या न्हाय!"

मास्तर राखेनं ताट कोरडंच घासत बसले व्हते. मागं रांजण पालथा घातलेला. व्हट पांढरे पडलेले. म्हातारं माज्याकडं बघंना.

"ही तुमची घागर व्हय?"

"व्हती. आता तुजी."

"पन घटना..."

"घटना एवढंच सांगती, घरात किती यायचं. माज्या वाट्याचं मी कुनाला द्यावं, तितं ती गप हाय. आन् जितं घटना गप, तितं माणूस मोकळा. ह्येच तर डोकं फोडून सांगतोय त्या पेशकाराला."

"तुमी काय प्याल?"

"बाजारात पाणपोई हाय. वंजळीनं पितो. जा, लेकराला ऊन लागंल."

मास्तर रोज पाणपोईवर जायचे, अंघोळ बंद. पेशकार नाकाला रुमाल लावून म्हनायचे, "मास्तर, अंघोळ तर लिव्हल्यावानीच हाय हो!" पेशकारीणबाईनं मात्र मला हळूच सांगितलं. मास्तरांची बायको व्हती तवा त्यांना दोन घागरी मिळायच्या. ती गेली, सगळे म्हनले सुतक फिटंस्तवर राहू द्या. मास्तरांनी तिसऱ्याच दिवशी एक घागर घरात पालथी घातली, एकच घेऊन आडावर आले. कुनी इचारलं न्हवतं. मास्तर सोताच म्हनले, रजाकारांच्या वक्ताला नुसत्या तोंडी हुकमावर माणसं उचलून न्हेली. तवापासनं ठरवलंय, लिव्हलंय तेच. आपल्याला अडलं तरी तेच.

लेकरू तरलं. येरमाळ्याचं घर परसाद घेऊन आलं, पाची घरं बसली, आन् मास्तरांनी कावेनं चौथी ओळ लिव्हली: तान्हं लेकरू पुरं माणूस. पेशकारांनी बी हात वर केला, ताकाचा प्रश्न नव्हता ना.

दुसऱ्या सकाळी मी आमच्या वाढीव घागरीसकट घरी आले, तर उंबऱ्यात मास्तर. आपली भरलेली घागर घेऊन.

"मास्तर, आता नको की. आमची लिव्हली ना काल?"

"व्हय. लिव्हली." तितंच उभे राहिले. "सवय झाली ह्या दारात यायची." घागर उचलंना, ठेवंना. मी तसला रिकामा माणूस कवा बघितला नव्हता.

मी जल्मात कुनाला उलटून बोलले न्हाय. पन बोलले. "लेकराच्या अंघोळीचं पाणी तापलंय. इसवायला गार पाणी पायजेच. तुमीच वता."

"मी? लेकराला? म्या कवा..." आन् मान भिंतीकडं वळायला लागली.

"म्हाताऱ्यानं शेजारचं लेकरू न्हाऊ घालू न्हाय, असं लिव्हलंय कुठं?"

मास्तर पाटाशी बसले. तांब्या धरला, दोन्ही हातांनी, सांडंल म्हून, आन् थेंब थेंब वतायला लागले. मी म्हटलं, "वता की भडाभडा, तुमचंच पाणी हाय." तर म्हनले, "हळू. ह्यो बघतोय माज्याकडं."