गुडघ्याच्या समाचाराला

"चिठ्ठीसुद्धा माणूस बघून निघते," दाढी करता करता हर्षल आरशातल्या स्वतःलाच म्हणाला.

दिशा मागे चादरींच्या घड्या घालत होती. "परत चौथी का?"

"चौथी. मागच्या वर्षी चौथी, त्याच्या आधी चौथी."

मखमलाबाद रोडवरच्या त्यांच्या कॉलनीत दर जानेवारीत चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांची बास्केटबॉल स्पर्धा होई. चार संघ, चार कप्तान. कप्तानांनी चिठ्ठ्या काढायच्या आणि निघालेल्या क्रमाने एकेक खेळाडू उचलायचा. सगळी माणसं संपेपर्यंत फेऱ्या चालू. कॉलनीतला चाळिशीपुढचा प्रत्येक पुरुष यात आपोआप धरलेला असे, त्याला विचारायची पद्धत नव्हती. कोणाला वाईट वाटू नये म्हणून केलेला हा नियम. त्यामुळे शेवटच्या फेरीत उरणाऱ्या चौघांना दर वर्षी हमखास वाईट वाटे.

हर्षलचा सगळा भरवसा मात्र या उरलेल्यांवरच. "पहिल्या फेरीत लोक उंची बघतात, दुसरीत बूट," तो म्हणे. "खरा माल शेवटाला असतो." त्याच्या आईने, साळूबाईने, उभा जन्म मळ्यातली मेथी-कोथिंबीर बाजारात बसून विकली होती. दिवेलागणीला बाजार उठताना उरलेला चांगला माल कसा स्वस्तात जातो, ते त्याने लहानपणापासून बघितलं होतं. समाधानला त्याने असाच सगळ्यात शेवटी उचलला. समाधानचं आयुष्य सरकारी खिडकीच्या आत गेलेलं. तो नुसता हात पसरून समोर उभा राहिला, की चेंडू घेऊन आलेला माणूस काही न विचारता मागे फिरायचा. वाल्मीकला धावता येत नव्हतं, म्हणून तो बास्केटखालीच उभा असे आणि कधी ना कधी चेंडू त्याच्यापर्यंत येतच असे. अशा मालावर हर्षलचा संघ दोनदा अंतिम सामन्यात गेला होता.

यंदा त्याला एकच माणूस हवा होता. जीवन.

जीवन सहा फूट उंच, विद्यापीठाकडून खेळलेला. पण वर्ष होत आलं, तो कोर्टवर फिरकला नव्हता. कॉलनीत लोक म्हणत, "ते सगळं झालं तेव्हापासून." ते सगळं म्हणजे जीवनची बायको उज्वला. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि पुन्हा घरी आलीच नाही. गोदाकाठी दशक्रियेला माइकवर पाच जणांनी श्रद्धांजलीची भाषणं केली. त्यातल्या एकाने कॉलनीतल्या पाणीपुरवठ्याचाही आढावा घेतला. एवढं बोलून झाल्यावर विषय संपला असंच सगळ्यांना वाटलं. नंतर काय बोलावं ते कोणाला सुचेना, म्हणून जीवनकडे कोणी जाईना. हर्षल तर त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त. त्याला सगळ्यात जास्त सुचेना. जीवनच्या घरावरून जायला नको म्हणून तो हल्ली गिरणीला वळसा घालून घरी येई.

त्याने हिशोब मांडला होता. जीवन आपल्या संघात आला, की रोज सकाळी सहाला सराव. खेळताना बोलावं लागत नाही. पास द्यायचा, पास घ्यायचा. महिनाभरात माणूस आपोआप माणसांत येईल.

पण चौथी चिठ्ठी. जीवन पहिल्याच फेरीत जाणार, आणि पहिली चिठ्ठी दुसऱ्या संघाच्या कप्तानाची, भारतची होती.

आईचा धंद्यातला एक नियम त्याला पाठ होता. ज्या मालावर डोळा आहे, त्याला आधी नाक मुरडायचं. त्याच संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याने भारतला बाजूला घेतलं.

"जीवनचं काही खरं नाही, भाऊ. गुडघा गेलाय त्याचा."

"काय सांगतो? कधी?"

"तुझ्यातच ठेव. त्याला आवडायचं नाही."

भारतने ते आपल्यातच ठेवलं, म्हणजे फक्त बायकोला सांगितलं. निकिताने रात्री बायकांच्या ग्रुपवर हात जोडलेली तीन चित्रं टाकली. सकाळी दूध घ्यायच्या वेळेला गुडघ्याचं लिगामेंट झालं होतं, अकरापर्यंत वाटी सरकली होती, आणि दुपारी हर्षलच्या दुकानात ठिबकच्या नळ्या घ्यायला आलेल्या गिऱ्हाईकाने त्यालाच ऐकवलं, "तुमच्या कॉलनीतल्या त्या उंच साहेबांचा पाय कापायचा म्हणताय."

हर्षल मनातून खूश झाला. भाव पडत होता.

मग लोक जीवनकडे जायला लागले. हे त्याच्या हिशोबात नव्हतं. दुःखाच्या घरी काय बोलावं हे कोणाला येत नव्हतं, पण गुडघ्यावर बोलायला सगळ्यांना येत होतं. वर्षभर जे दार कोणी वाजवलं नाही, त्याच्याबाहेर चपलांचा ढीग पडू लागला. कोणी शहाळी नेली, कोणी शेकायची पिशवी.

"अहो, आपण जायला नको?" दिशा म्हणाली. "सगळे जाऊन आले. तुम्ही तर जवळचे."

"जाऊ की."

"कधी जाऊ? लोक विचारतात मला."

साळूबाईने स्वयंपाकघरातून डबाच आणून पुढ्यात ठेवला. "डिंकाचे हायेत. हाडाला लय चांगले. रिकाम्या हातानं जाऊ नको, हर्षा."

अशा रीतीने आपणच मोडलेल्या गुडघ्याच्या समाचाराला हर्षल लाडू घेऊन निघाला.

जीवनचा दिवाणखाना भरलेला होता. भिंतीवर उज्वलाचा फोटो होता आणि आलेल्या प्रत्येकाने तो पाठीशी येईल अशीच जागा धरली होती. त्यामुळे एका सोफ्यावर सहा जण दाटीने बसलेले आणि समोरचा सोफा मोकळा. मधोमध खुर्चीत जीवन, एक पाय स्टुलावर, गुडघ्याला क्रेप बँडेज. पेठकडचा बहिरू, कॉलनीचा वॉचमन, गावाकडून आणलेलं झाडपाल्याचं तेल घेऊन खाली बसला होता.

हर्षल दारातच थबकला. हा खरंच लंगडा झाला की काय?

"माझ्या दिरांचं असंच झालं, नामपूरच्या," निकिता सांगत होती. "दुर्लक्ष केलं हो. आता जिना चढवत नाही त्यांना."

"जिना नकोच," समाधान म्हणाला. "आणि मांडी घालून बसायचं नाही."

"कुठं दुखतं रे?" हर्षलने विचारलं. काहीतरी विचारायलाच हवं होतं.

जीवनने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. "इथं," त्याने गुडघ्यावर बोट ठेवलं. मग ते बोट तिथून उचललं. "कधी इथं. कधी वर सरकतं."

"फिरतं दुखणं हाय," बहिरू म्हणाला. "लय चिवट राहतं ते."

"रात्री जास्त?" भारतने विचारलं.

"रात्री जास्त."

सगळ्यांनी माना हलवल्या. रात्रीच जास्त असतं, यावर एकमत झालं. हर्षलने लाडवांचा डबा ठेवला आणि उगाच गुडघ्याला हात लावून बघितला. तेलाने गरम लागला. परतताना दिशा म्हणाली, "किती वाळलेत हो जीवनभाऊजी."

"गुडघ्याने होतं तसं."



रविवारी सकाळी कोर्टवर निवड झाली. निम्मी कॉलनी कठड्यावर ऊन खात बसली होती. जीवन काठी टेकत आला, त्याला तिघांनी धरून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. पहिल्या फेरीत उंच माणसं गेली, दुसरीत बूटवाले. जीवनचं नाव कोणी घेतलं नाही. दर फेरीला कप्तानांची नजर त्याच्यावरून हळूच घसरून पुढच्यावर जाई. हर्षलने आपली ठरलेली माणसं गोळा केली. समाधान, वाल्मीक, चष्म्याशिवाय न दिसणारे एक प्राध्यापक. शेवटच्या फेरीचा शेवटचा माणूस उरला.

"जीवन," हर्षल म्हणाला.

कठड्यावरून टाळ्या आल्या, त्याही दबक्या, आजाऱ्याच्या खोलीत वाजवाव्यात तशा. "मन मोठं आहे हर्षलचं," कोणीतरी म्हणालं. "नुसता बेंचवर बसवला तरी बरं वाटेल त्याला." हर्षलचे कान तापले.

तेवढ्यात बास्केटखाली उभ्या वाल्मीकने, नवा संघ मिळाल्याच्या आनंदात, आयुष्यात पहिल्यांदाच लांब पास टाकला. चेंडू त्याच्या हातून भलतीकडे सुटला आणि थेट साळूबाईच्या डोक्याच्या दिशेने निघाला.

जीवन खुर्चीतून उठला. दोन ढांगा टाकून त्याने उडी घेतली, चेंडू हवेतच धरला, पाय जमिनीला लागताच वळला आणि तिथूनच बास्केटमध्ये टाकला. चेंडू कडीला न लागता जाळीतून खाली आला. काठी खुर्चीपाशी पडली होती.

शहाळी नेलेले, शेकायची पिशवी नेलेले, नामपूरच्या दिरांचे नातलग, सगळे त्या पायाकडे बघत राहिले.

"तेल लागू पडलं," बहिरू हळूच म्हणाला.

"तेलाचं नाही रे," हर्षल म्हणाला. आता गत्यंतर नव्हतं. "याच्या गुडघ्याला काही झालेलंच नव्हतं. भारतने उचलू नये म्हणून मीच सोडली ती बातमी."

"म्हणजे मला फसवलंस," भारत म्हणाला.

"हो."

"आणि तू रे, जीवन? तू कशाला बँडेज बांधून बसलास?"

जीवन हाताला लागलेली धूळ पँटला पुसत उभा होता. "निकितावहिनी पहिल्या आल्या," तो म्हणाला. "आल्या त्या माझ्या पायाजवळच बसल्या. काही झालं नाही असं सांगणारच होतो. पण त्या म्हणाल्या, कुठं दुखतं सांगा." त्याने दुसरा हातही पँटला पुसला. "मग समाधान आला. त्यानेही विचारलं. रोजच कोणीतरी यायला लागलं. नाही म्हटलं असतं, तर सगळे उठून गेले असते."

समाधान आपल्या बुटांकडे बघू लागला. निकिताने पदर सारखा केला. कोणीतरी स्पर्धेच्या वेळापत्रकाचा विषय काढायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. साळूबाई लेकाकडे बघत होती. हर्षलला वाटलं, आता चेंडू उचलावा आणि याला पास द्यावा. चेंडू त्याच्या पायाशीच आला होता. त्याने तो उचलला नाही. तो चालत जीवनपाशी गेला आणि त्याच्या दंडाला धरलं.

"उज्वला गेली रे, जीवन," तो म्हणाला. "फार वाईट झालं."