मोरूभाईंची सोनेरी अक्षरं

मोरूभाई चुरींशी कुणी तुमची ओळख करून दिली, तर तुम्ही काय करता, कुठे राहता, असलं ते काही विचारत नाहीत. एक पाऊल मागे सरकतात, डावा डोळा मिटतात आणि तुमचं नाव पडद्यावर कसं यायला हवं ते सांगतात.

"सावे सर ने? तुमचं नाव वरून पडायला नको. मास्तर माणूस. खालून धुरातून हळूहळू वर येईल."

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. धूर मला योग्यच वाटला.

आमच्या शेजारचे गृहस्थ सरकारी कचेरीत कारकून आहेत. त्यांना मोरूभाईंनी सांगितलं, "तुमचं नाव शेवटी येईल आणि लवकर जाईल. ऑफिसात तुमचं तसंच असतं ने?" त्या गृहस्थांनी मुलीच्या लग्नाचं व्हिडिओ शूटिंग दुसऱ्याला दिलं. मोरूभाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. नाव कसं यावं याबद्दल ते खोटं बोलू शकत नसत, एवढंच.

डहाणूच्या मसोलीत त्यांची एक खोली आहे. बाहेर 'मोरेश्वर डिजिटल व्हिजन' अशी पाटी. डहाणू, घोलवड, चिखले आणि तिकडे तलासरीपर्यंतच्या कितीतरी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग या खोलीतून झालं. शूटिंग करणारे दुसरेही होते. मोरूभाईंचं वैशिष्ट्य म्हणजे नावं. "आधी नाव, मग माणूस," हे त्यांचं ब्रीद. त्यांच्या व्हिडिओत नवरा-नवरी दिसेपर्यंत घरच्या मंडळींचा एक चहा होऊन जायचा. तोवर पडद्यावर आजोबा गरगर फिरत यायचे, काका ज्वाळांतून प्रकट व्हायचे, आत्याबाई गुलाबाच्या पाकळ्यांत फुटून पुन्हा एकत्र यायच्या.

हे सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालायचं ते त्यांनी वापीहून एका सीडीवर आणलेलं. मोठ्या स्टुडिओवाल्यांचं परवडणारं नव्हतं, हे स्वस्तात मिळालं. नाव लिहायचं, आग की पाकळ्या की सोनं ते निवडायचं आणि कॉम्प्युटरला एकटं सोडून जेवायला जायचं. जेवून येईपर्यंत एक काका तयार होत असत. महागाची वस्तू माणूस बेताने वापरतो. स्वस्त वस्तूचा गुण असा की हात आखडत नाही.

त्या अक्षरांवरून घराघरांत भांडणं झाली. एकदा मी त्यांच्या खोलीत बसलेलो असताना घोलवडचे एक चिकूवाले बागायतदार पेन ड्राइव्ह हातात घेऊन आले.

"मोरू, माझ्या भावाच्या नावाला आग आहे. माझ्या नावाला नाही."

"शेठ, तुमच्या नावाला पाणी आहे. लाटा. बघितल्या नाहीत?"

"पाणी कशाला? मी काय बुडालोय?"

"शांत माणूस म्हणून दिलं."

"मी शांत नाही," असं ते इतक्या जोरात ओरडले की मोरूभाईंना पटलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही भाऊ सारखे पेटले.

मधल्या काळात एचडी आलं. मोरूभाईंनी नवा कॅमेरा घेतला, सॉफ्टवेअर मात्र जुनंच ठेवलं. त्यामुळे झालं असं की नवऱ्याच्या गालावरची प्रत्येक पुटकुळी स्वच्छ दिसायची आणि तिच्यावरून जाणारं त्याचं नाव विटांनी बांधल्यासारखं. अक्षरांच्या कडांना पायऱ्या पडायच्या. मी एकदा ते दाखवलं. ते म्हणाले, "सर, एचडी म्हणजे काय? लपवायला जागा नाही. म्हणून तर नाव मोठं लागतं."

हे त्यांचं खरं शास्त्र होतं. मामा तोंडात अख्खा लाडू घेऊन कॅमेऱ्याकडे वळला, भटजी मंगलाष्टकांच्या मध्येच मोबाइल बघायला लागले, मागे कुणी नाकात बोट घातलं, तर मोरूभाई तो तुकडा कापत नसत. वरून नाव टाकत. "नाव म्हणजे चादर आहे सर. बिघडलं काही, की घालायची वरून." आपल्याकडे इतरत्रही नावांचा उपयोग बराचसा असाच होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. तलासरीकडच्या एका गावात रस्त्यावरच्या मोरीचं उद्घाटन झालं, त्याचा व्हिडिओ मी पाहिला आहे. मोरी काही दिसली नाही. उद्घाटकांचं नाव शेवटपर्यंत दिसत होतं.

फक्त एकदा त्यांचं शास्त्र अडलं. एका घरी वडिलांच्या वर्षश्राद्धाला लावायला म्हणून जुन्या फोटोंचा व्हिडिओ केला होता. वडिलांचं नाव ज्वाळांतून आलं. मुलगा हळूच म्हणाला, "भाई, आग काढा."

"मग गुलाब?"

"काही नको. नुसतं नाव."

"नुसतं?" मोरूभाई शेजारी बसलेल्या माझ्याकडे वळले. "सर, नुसतं नाव बरं दिसतं का?"

या सगळ्या वर्षांत त्यांच्याबरोबर कुसुमवहिनी असत. लग्न पाहिलेल्या कुणालाही विचारा, मोरूभाईंचा कॅमेरा आठवेल, वहिनींचा चेहरा चटकन आठवणार नाही. त्याचं कारण साधं होतं. त्या लाइट धरत. एका काठीवर बांधलेला हॅलोजनचा दिवा, त्याची लांबलचक वायर दुसऱ्या हातात गुंडाळलेली. भर मे महिन्यात, मांडवात, त्या तापलेल्या दिव्यामागे उभ्या. समोरच्याचे डोळे दिपायचे, दिव्यामागचं माणूस दिसायचंच नाही.

त्यांना एक खोड होती. नवरीचा पदर घसरला, हार उलटा पडला, गजरा सुटला, की त्या दिवा जवळच्या कुणाच्यातरी हातात कोंबून पुढे धावत. तेवढ्यात मांडवभर आवाज घुमायचा, "कुसुम, फ्रेम!" म्हणजे फ्रेममधून बाहेर हो. त्या मागे व्हायच्या. पण ज्याच्या हातात दिवा दिलेला असायचा तो गोंधळून तो छताकडे नाहीतर भटजींच्या तोंडावर धरायचा आणि शॉट बिघडायचा. मग घरी भांडण.

"तुला किती वेळा सांगितलं, फ्रेममध्ये यायचं नाही."

"अहो, तिचा पदर पडला होता."

"पडू दे ने. मी नाव टाकलं असतं."

पुढे साधे दिवे जाऊन कॅमेऱ्यावरच बसणारे दिवे आले, घरोघरी मोबाइल आले, पोरं एकमेकांचे व्हिडिओ काढू लागली. पण वहिनींना सवय लागून गेली होती. कुणी मोबाइल वर केला, की त्या आपोआप बाजूला सरत. आमच्या मीनाने, माझ्या बायकोने, एकदा चिखल्याच्या समुद्रावर त्यांचा व्हिडिओ काढायचा फार प्रयत्न केला. त्यात वाळू आहे, सुरूची झाडं आहेत आणि बाजूला होणारा एक पदर आहे.

गेल्या वर्षी कुसुमवहिनी गेल्या. फार दिवस आजारी नव्हत्या. मोरूभाईंनी खोली काही दिवस बंद ठेवली, मग उघडली. काम मात्र आता चारोटीच्या पोरांकडे गेलं होतं. त्यांच्याकडे ड्रोन आहे. ते लग्नाआधीच नवरा-नवरीला किनाऱ्यावर पळायला लावतात आणि नाव अगदी बारीक, कोपऱ्यात, लाजल्यासारखं टाकतात.

मग एक दिवस गावात बातमी आली, की मोरूभाई लोकांच्या लग्नाच्या जुन्या सीडी मागत फिरताहेत. फुकट एचडी करून देतो म्हणतात. लोक संशयाने बघू लागले. कुणी म्हणालं, यात काहीतरी स्कीम असणार. कुणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झाला. मला वाटलं, ती त्यांच्या नावांची हौस आहे. जुन्या काकांना नव्याने पेटवायचं असेल.

एका रविवारी सकाळी ते आमच्याकडे आले.

"सर, तुमच्या लग्नाची सीडी आहे ने?"

"आहे. पण एचडी करायला त्यात बघण्यासारखं काही नाही. मी आहे."

नेहमी हसले असते. हसले नाहीत. "मी इथेच बघू?" म्हणाले.

मीनाने कपाटातून सीडी काढली. सीडी चालवू शकेल असा जुना प्लेयर घरात होता, तो पुसून टीव्हीला जोडला. आमचं लग्न तलासरीला, मीनाच्या माहेरी, पाटलांच्या अंगणात झालं. मोरूभाईंचं सॉफ्टवेअर तेव्हा अगदी नवं होतं, त्यामुळे त्यांनी कुणालाही सोडलेलं नाही. आम्ही बसून धूर, ज्वाळा आणि पाकळ्या पाहिल्या. एरवी प्रत्येक नावाला मान डोलावणारे मोरूभाई आज नावं बघतच नव्हते. ते टीव्हीच्या इतक्या जवळ बसले होते, की मीनाने मला खुणेने विचारलं, यांच्या चष्म्याचा नंबर वाढला का?

"भाई, शोधताय काय?" मी विचारलं.

"लाइट," ते म्हणाले.

"कसला लाइट?"

"लाइट हलतो का बघतोय. लाइट हलला, म्हणजे ती पुढे आली."

मीना चहा आणायला उठली होती, ती तिथेच थांबली.

ते टीव्हीकडे बघतच बोलत होते. "फोटो आहे सर, हार घातलेला. पण तो तर हलत नाही. ती कशी चालायची, हात कसा करायची, ते कुठेच नाही. एवढी लग्नं काढली, पण माझ्याकडे तिचा एक तुकडा नाही. मग आठवलं, ती मध्ये मध्ये घुसायची ने? कुणाच्यातरी सीडीत सापडेल. पंधरा-वीस घरं झाली. सगळीकडे लाइट हलतो."

"मग?"

"मग काय. लाइट हलला की शॉट बिघडला. आणि बिघडलेल्या शॉटवर मी..."

मूळ कॅसेटी असतील का, असं मी विचारलं. कॅसेट काय जपून ठेवायची असते, ते म्हणाले. एक लग्न झालं की त्यावरच पुढचं.

तेवढ्यात पडद्यावर मीनाच्या गळ्यात हार पडला आणि उजेड एकदम मांडवाच्या छताकडे गेला. मोरूभाईंनी माझा गुडघा धरला. डाव्या बाजूने पोपटी साडीचा एक काठ आत आला. बांगड्यांचा हात वर झाला. चेहरा वळू लागला, आणि तेवढ्यात गरगरत, चमचमत, सोन्याची अक्षरं आली: 'पाटील परिवार आपले सहर्ष स्वागत करीत आहे.' ती नेमकी त्या चेहऱ्यावर बसली. भोवती गुलाब पडले. अक्षरं गेली तेव्हा उजेड पुन्हा जागेवर होता आणि डावी बाजू रिकामी.

मी पुन्हा लावलं. पुन्हा सोनं, पुन्हा गुलाब. मी मध्येच थांबवून पाहिलं. दोन शब्दांच्या मधल्या फटीत थोडं कपाळ दिसत होतं. कुंकू असावं, किंवा गुलाबाची एखादी पाकळी. सांगता येत नव्हतं. मोरूभाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"अक्षर चांगलं जाड घेतलंय मी," ते म्हणाले.

मी बरंच वाचलेलं आहे. त्यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं.

मग मीना येऊन त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

"भाई, मला आठवतंय ते. माझी मुंडावळी कानातल्यात अडकली होती. मान हलवता येत नव्हती, रडायला आलं होतं. वहिनी धावत आल्या, सोडवली. आणि माझ्या कानात काय म्हणाल्या माहितीय?"

मोरूभाईंनी मान वळवली.

"म्हणाल्या, 'घाबरू नको गं, आमच्या यांचा कॅमेरा अर्धा वेळ बंदच असतो.'"

आणि पडद्यावर, सोनेरी अक्षरांच्या उजव्या टोकाला, अक्षरं जिथे पोचली नव्हती तिथे, मीना हसत होती. चांगली खळखळून, डोळे मिटून. त्या हसण्याबद्दल आमच्या घरात सगळ्यांचं असं मत आहे, की नवरी माझ्याकडे बघून हसली. इतकी वर्षं माझंही तेच मत होतं. मी मीनाकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहायचं टाळलं.

मोरूभाईंना हसू आलं, अगदी थोडं. "असं म्हणाली? खोटारडी. एकदाच बंद राहिला होता. उंबरगावला."

"हो, तेही सांगितलं होतं मला नंतर," मीना म्हणाली.

त्यांनी डोळे पुसले नाहीत. ते टीव्हीपासून जरा मागे सरकून बसले, डावा डोळा मिटला आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बघू लागले. मी तो तुकडा पुन्हा लावला होता, अक्षरं डावीकडून येत होती. या खेपेला त्यांचं अक्षरांकडे लक्षच नव्हतं.

"परत लावा ने, सर," ते म्हणाले. "नवरी हसते तिथपासून."